शहागडच्या पुलाअलीकडे

शालिनीताई आठवल्या की आधी आवळासुपारीचा आंबट-तुरट वास येतो, आणि मग दिसतात डाव्या मनगटावर टेकलेली उजव्या हाताची दोन बोटं. कार्तिकातलं कोवळं ऊन जालन्यातल्या आमच्या मासिकाच्या कचेरीत तिरपं उतरायचं, बाहेर कापसाच्या गाड्यांची घरघर चालू असायची, आणि ताई मजकूर वाचता वाचता स्वतःची नाडी बघत असायच्या. मी तेव्हा पानं लावायचे, त्या आरोग्याचं सदर सांभाळायच्या. छातीत धडधडलं तर पित्त समजावं, आवळा चघळावा, असं त्यांनी वाचकांना इतक्या ठामपणे सांगितलं होतं की पुढे त्या स्वतःच आपल्या सदराच्या सर्वांत आज्ञाधारक वाचक झाल्या.

मग मालकांनी त्यांना प्रवासाची पानं दिली. ताई हरखल्या. घनसावंगीकडच्या गोदाकाठच्या गावात वाढलेल्या त्या बाईला पलीकडच्या तीराची ओढ लहानपणापासूनची. पण पहिल्याच फेरीत, बीडकडे जाताना, शहागडच्या पुलावर त्यांचा श्वास कोंडला, हातपाय गार पडले, आणि आता आपण मरणार अशी त्यांची खात्रीच झाली. पूल ओलांडताच जीप माघारी वळवली. परत येताना त्या पदरात तोंड घालून बसल्या होत्या. डॉक्टरांना हृदयात काही सापडलं नाही. ताई म्हणाल्या, पित्त. भेटीला आलेल्या भावजयीनं बाहेरचं काही असेल म्हणून काळा दोरा बांधला. त्यानंतर ताईंनी अलीकडच्या तीरावरच्या बारवा, आमराया, जुनी देवळं यांवर काय काय सुंदर लिहिलं. वाचक खूश, आणि आम्ही कचेरीत थट्टा करायचो की ताईंचा भूगोल गोदावरीला संपतो. त्याही हसायच्या, बोटं मात्र मनगटावरच असायची.

त्याच पलीकडच्या तीरावर, बीडला भावाच्या घरी, त्यांचे वडील होते. शेत बटाईनं देऊन अण्णा तिथे राहायला गेले होते, आणि त्या हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. भाऊ फोन करायचा, अण्णा विचारतात, शालू कधी येणार. ताई उद्या म्हणायच्या. तो उद्या इतक्यांदा उगवला आणि मावळला की त्यांच्या फोनच्या आवाजानं मीच हातातलं पान टाकून उठायला लागले. आज शेवटचा निरोप आला तर ही बाई जन्मभर त्या पुलाअलीकडेच उभी राहील, हे मला सहन होईना. म्हणून एका सकाळी मी बळेच त्यांना घेऊन निघाले.

शहागडला ट्रकांच्या रांगेपाशी, चहाच्या टपरीसमोर त्यांनी जीप थांबवायला लावली. ऊन चांगलं वर आलं होतं, तरी त्यांचे ओठ थंडीनं काकडल्यासारखे हलत होते. कचेरीत तोलूनमापून बोलणाऱ्या ताई एकदम गावच्या बोलीत आल्या.

"पित्त न्हाई गं हे," त्या म्हणाल्या. "भेव वाटून राह्यलं मला. लई भेव वाटून राह्यलं."

इतक्या वर्षांत तो शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारला होता. मी जीपवाल्याला चल म्हटलं. चाकं पुलावर चढली तशी त्यांची बोटं स्वतःच्या मनगटाकडे गेली, आणि काय वाटलं कोण जाणे, माझा हात ओढून त्यांनी माझीच नाडी धरली. खाली पाणी संथ, उन्हात चकाकत पडलेलं, आणि मी भ्यालेली, की या आत्ता माझ्या शेजारीच गेल्या तर मी त्यांच्या बापाला काय सांगू.

"तुझीबी पळून राह्यली की," त्या म्हणाल्या, आणि पूल संपेपर्यंत त्यांनी ते मनगट सोडलं नाही.

अण्णांनी लेकीला ओळखलं. इतके दिवस का आली नाहीस, असं त्यांनी विचारलं नाही. ताईंनीच पुलाचं सगळं सांगून टाकलं. ते छताकडे बघत म्हणाले,

"मलाबी व्हायचं, बाई. बाजाराला जायाला होडीत बसलो की काळीज लटालटा उडायचं. मंग मी म्हनायचो, बिडी लागली."

लेकीचं पित्त आणि बापाची बिडी. ताई त्यांच्या उशाशी बसून रडल्या, आणि रडता रडता हसल्या.

पुढचा अंक निघण्याआधी अण्णा गेले. ताईंनी प्रवासाची पानं परत केली आणि मनाच्या आजारांची पानं मागितली. मालक म्हणाले, जालन्यात हे कोण वाचणार, लोक आपल्याला वेड्यांचं मासिक म्हणतील. ताईंनी पहिला लेख स्वतःच्या नावानं, स्वतःच्या भीतीवर लिहिला, पुलासकट, आणि पित्ताच्या जुन्या सल्ल्याबद्दल वाचकांची माफी मागितली. अंक निघाल्यावर काही दिवस शुकशुकाट होता. मग माणसं येऊ लागली. आधी उसाचं, कापसाचं, मुलांच्या लग्नांचं बोलायची, आणि निघताना उंबऱ्यावर थबकून हळूच म्हणायची, मलाही होतं.

आता ताई बीडलाच राहतात, अण्णांच्या खोलीत बसून पानं तपासतात, आणि ती घेऊन मी जाते. भीती गेली का, असं विचारलं तर नाही म्हणतात. शहागड आलं की माझी बोटं आपोआप मनगटावर जातात, कारण त्या दिवशी त्यांची थोडी भीती माझ्याकडेच राहून गेली. खाली नदीत आता होड्या दिसत नाहीत, आणि होडीत बसून बिडीला दोष देणारा तो माणूसही नाही. एवढ्या लांबलचक आयुष्यात, त्या होडीत, त्याची नाडी कधी कुणी धरून बघितली नव्हती.