अर्धा कप आणि पिवळं विमान

माझ्या नवऱ्याला विमानं बनवायचा नाद आहे, हे लग्नाआधी मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी लग्न मी केलंच असतं, पण जेवणाची टेबलं दोन घेतली असती. आमच्या एकुलत्या एका टेबलावर गेले दोन हिवाळे एक पिवळं विमान पाय पसरून बसलं होतं, आणि आम्ही दोघं मांडीवर ताटल्या घेऊन जेवत होतो. ख्रिसमसची टर्की मी इस्त्रीच्या टेबलावर कापली. माझी बहीण आली होती, तिनं नाक मुरडलं. वॉल्टर म्हणाला, "बसायचं असेल तर बस, पण पंखाला कोपर लावू नकोस. डिंक ओला आहे."

तर त्या विमानाची तपासणी रविवारी होती. वॉल्टरला आठवडाभर झोप नव्हती आणि त्याला झोप नाही म्हणून मलाही नव्हती.

त्याला कारण होतं. मागच्या उन्हाळ्यात वॉल्टरचं विमान मिसेस डिन्सडेल यांच्या काचघरात शिरलं आणि त्यांच्या टोमॅटोंची चटणी करून थांबलं. डिन्सडेलांच्याच कुरणात आमचा विमानं उडवायचा क्लब आहे, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वॉल्टर म्हणाला, बॅटरी गेली. क्लबातला क्लाईव्ह म्हणाला, वॉल्टरचे हात गेले.

वॉल्टरचे हात कापतात, हे खरं आहे. दोन वर्षांपासून कापतात. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही, वय झालं. चहाचा कप बशीवर असा वाजतो की बाजूच्या खोलीत कळावं. म्हणून क्लबच्या खोपटात चहा ओतताना मी त्याचा कप अर्धाच भरते. अर्धा कप सांडत नाही. हे कुणाच्या लक्षात आलं नसेल, असं मी धरून चालले होते.

पण क्लाईव्हच्या लक्षात येत नाही असं जगात फार थोडं आहे. हा आमचा सुरक्षा अधिकारी. नोकरी सगळी बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर तपासायला तिकिटं उरली नाहीत म्हणून विमानं तपासतो. नारिंगी जाकीट घातल्याशिवाय तो कुरणात पाऊल टाकत नाही. त्यानं समितीत ठराव आणला की वॉल्टरच्या नव्या विमानाची कसून तपासणी व्हावी. तपासणीत नापास झालं, किंवा पहिल्या उड्डाणात पडलं, तर यापुढे वॉल्टरनं एकट्यानं विमान उडवायचं नाही. त्याच्या रिमोटला वायर जोडून दुसरं टोक क्लाईव्हच्या रिमोटला लावायचं. नवशिक्यांना शिकवतात तसं, चूक झाली की ताबा क्लाईव्हकडे.

"म्हणजे बकरीसारखं दाव्याला बांधून," वॉल्टर म्हणाला. "त्यापेक्षा मी घरी बसेन."

त्याचं घरी बसणं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. तो कामाला होता ती गिरणी बंद झाली तेव्हा तो एक हिवाळा घरी बसला होता. खिडकीपाशी खुर्ची ओढून नुसता बसायचा. हाक मारली की "काय?" म्हणायचा आणि उत्तर ऐकायचा नाही. मग माझा भाऊ टेड त्याला ओढून कुरणात घेऊन गेला, हातात रिमोट दिला, आणि संध्याकाळी माझा नवरा मला परत मिळाला. तो खिडकीतला माणूस मला पुन्हा घरात नको होता. जेवणाचं टेबल गेलं खड्ड्यात.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. विमानाच्या रिमोटला दोन दांड्या असतात, एक डाव्या अंगठ्याला, एक उजव्या. काही लोक इंजिनाचा जोर उजव्या दांडीवर ठेवतात आणि नाक वर-खाली करायचं काम डाव्या. काही लोक नेमकं उलट. बाहेरून दोन्ही रिमोट जुळ्या भावांसारखे दिसतात. पण ज्याला ज्या हाताची सवय, ती मरेपर्यंत सुटत नाही. आमच्या क्लबात टेड आणि वॉल्टर उजवे, आणि बाकी सगळे डावे. यावरून नाताळच्या जेवणात दरवर्षी भांडण ठरलेलं. एकदा क्लाईव्ह टेडला म्हणाला होता, "उजव्या हातानं जोर देणारा माणूस उद्या पायानं जेवेल." टेडनं त्याच्या पुडिंगमध्ये मोहरी घातली होती.

टेड मागच्या वर्षी गेला. त्याच्याबरोबर ते भांडणही गेलं. उजवा एकटा वॉल्टर उरला, आणि एकट्याशी भांडणार कोण? पुढे पुढे लोक ते विसरूनच गेले.

रविवारी क्लाईव्ह आमच्याआधी हजर होता. वॉल्टरनं विमान गवतावर ठेवलं आणि मागे सरला. पिवळं धमक, पंखांवर लाल पट्टा. तो पट्टा मी रंगवलाय, उगाच कशाला लपवू.

"गुड मॉर्निंग, मेव्हिस," क्लाईव्ह मला म्हणाला. विमानाला मात्र तो गुड मॉर्निंग म्हणाला नाही. तो त्याच्याभोवती अशा चकरा मारत होता की जणू ते बिनतिकीट बसलंय.

आधी त्यानं प्रत्येक स्क्रू पिळून पाहिला. मग पंखांच्या पट्ट्या धरून ओढल्या. पंख आणि शेपटीच्या मागच्या कडेला या हलत्या पट्ट्या असतात, विमान वळतं त्यांच्यावरच. त्या त्यानं इतक्या जोरात ओढल्या की वॉल्टरच्या तोंडून "अरे, अरे" निघालं.

"तुटायची असेल तर आत्ता तुटू दे," क्लाईव्ह म्हणाला. "वर तुटली तर खाली मिसेस डिन्सडेल आहेत."

"त्यांनी काचघराला नवीन काचा बसवल्यात," मी म्हटलं.

"म्हणूनच."

मग दोन बोटांवर पंख तोलून विमान उचललं. नाक किंचित खाली झुकलं, म्हणजे तोल बरोबर. क्लाईव्हला ते आवडलं नसावं, कारण त्यानं तीनदा तोललं. बॅटरी मोजली. ती काठोकाठ भरलेली होती. नाकावरच्या पंख्याच्या पात्यावरून नख फिरवलं. चरा सापडला नाही. जसजसं काही सापडत नव्हतं तसतसा त्याचा चेहरा पडत चालला होता.

"आता रिमोट. वॉल्टर, तू हलव, मी बघतो. नाक वर!"

वॉल्टरनं दांडी हलवली, शेपटीची पट्टी वर गेली.

"नाक खाली! डावीकडे! उजवीकडे!"

सगळं जिथल्या तिथे हललं. क्लाईव्ह विमानाकडे डोळ्यांत तेल घालून बघत होता. वॉल्टरच्या अंगठ्यांकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

मग राहिली पल्ल्याची तपासणी. रिमोटच्या सिग्नलचा जोर कमी करायचा, विमान लांब न्यायचं, आणि तिथेही पट्ट्या हलतात का बघायचं. विमान उचलायला वॉल्टर वाकला.

"तू राहू दे," क्लाईव्ह म्हणाला. "पाडशील."

वॉल्टर बाजूला झाला. मला असा राग आला की हातातली किटली क्लाईव्हला फेकून मारावीशी वाटली. पण तिच्यात चहा होता.

क्लाईव्ह विमान दोन्ही हातांनी छातीशी धरून कुरणाच्या वरच्या अंगाला चालू लागला. वरच्या अंगाला डिन्सडेलांचे गोऱ्हे चरत होते. गोऱ्ह्यांचं असं असतं की त्यांना दिवसभर काही उद्योग नसतो, आणि नारिंगी जाकिटातला माणूस पिवळं विमान घेऊन येताना दिसला तर ते हातचा जाऊ देत नाहीत. एकानं मान वर केली. मग सगळ्यांनी केली. मग ते त्याच्या मागून चालू लागले.

"हलव!" क्लाईव्ह ओरडला.

वॉल्टरनं हलवलं. विमानाची शेपटी फडफडली. गोऱ्ह्यांना ते फारच आवडलं, ते धावत सुटले.

"क्लाईव्ह, मागे बघ!" मी ओरडले.

त्यानं मागे बघितलं, आणि मग तोही धावत सुटला. विमान डोक्यावर, जाकीट वाऱ्यावर, मागे सगळा कळप. आणि माणूस असा कर्तव्याचा पक्का की पळता पळता ओरडत होता, "हलतंय! हलतंय! अजून हलतंय!" वॉल्टर इमानदारीनं दांड्या हलवत राहिला. हलवणं थांबवलं असतं तर कदाचित गोऱ्हेही थांबले असते, पण थांब असं क्लाईव्हनं सांगितलं नव्हतं. शेवटी दगडी भिंतीवरून पलीकडे उडी मारूनच त्याची सुटका झाली. विमानाला खरचटलंसुद्धा नाही. क्लाईव्हची विजार मात्र गुडघ्यावर फाटली.

"पल्ला ठीक आहे," परत आल्यावर तो धापा टाकत म्हणाला.

"ठीक? अरे, दुसऱ्या गावात गेला होतास तू," वॉल्टर म्हणाला. आठवडाभरात पहिल्यांदा मी त्याला हसताना पाहिलं.

आता उड्डाण. आमच्या क्लबाची रीत अशी की नव्या विमानाचं पहिलं उड्डाण बनवणाऱ्यानं करायचं नाही. त्याचा जीव विमानात अडकलेला असतो, अंगठे जागेवर नसतात. दुसऱ्या कुणी करायचं, आणि बनवणाऱ्यानं मागे उभं राहून तोंड बंद ठेवायचं. वॉल्टरच्या सगळ्या विमानांची पहिली उड्डाणं टेडनं केली होती. या खेपेला क्लाईव्हनं हात पुढे केला.

वॉल्टरनं रिमोट दिला. इंजिन चालू झालं, संथ फटफट करत राहिलं. गोऱ्हे आता लांब निघून गेले होते, आणि क्लाईव्हनं विमान वाऱ्याच्या तोंडाला उभं केलं.

"क्लाईव्ह, एक सांगायचं राहिलं, माझा रिमोट..."

"बनवणारा बोलत नाही."

"अरे पण..."

"वॉल्टर. रीत म्हणजे रीत."

वॉल्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी क्लाईव्हच्या हातांकडे पाहिलं. त्यानं आपल्या सवयीनं डावा अंगठा पुढे ढकलला होता. इंजिन फटफटत होतं तसंच राहिलं. शेपटीची पट्टी तेवढी खाली वाकली.

"जोर घेत नाही," क्लाईव्ह म्हणाला. त्याच्या आवाजात समाधान होतं, शेवटी काहीतरी सापडलं होतं. "बघितलंस? इंजिन ऐकत नाही." आणि काय बिघडलंय ते बघायला त्यानं उजवा अंगठाही पुढे ढकलला.

इंजिन किंचाळलं. विमान गोळीसारखं सुटलं. क्लाईव्ह दचकला आणि त्यानं दोन्ही अंगठे सोडले. पण जोराची दांडी सोडली तरी जागच्या जागी राहते, ती आपसूक परत येत नाही. विमान पूर्ण जोरात गवतावरून उठलं आणि वर निघालं.

"जास्त आहे, जास्त आहे," असं पुटपुटत त्यानं जोर कमी करायला डावा अंगठा मागे ओढला. विमानानं नाक आभाळाकडे केलं, उभंच्या उभं वर गेलं, पाठीवर पडलं आणि एक कोलांटी मारली. मग दुसरी मारली. दुसरी काचघराच्या अंगानं होती.

"मी काहीच करत नाहीये!" क्लाईव्ह ओरडत होता. "ते आपोआप करतंय!"

खाली मिसेस डिन्सडेल दारात आल्या. त्यांच्या हातात झारी होती.

"वॉल्टर!" मी एवढ्या मोठ्यांदा ओरडले की मलाच माझा आवाज ओळखू आला नाही. "रीत गेली चुलीत! घे तो रिमोट!"

वॉल्टरनं तो घेतला. क्लाईव्हच्या हातातून हिसकावला म्हटलं तरी चालेल. आणि मी त्याचे हात पाहिले. दोन अंगठे दोन दांड्यांवर टेकले होते, आणि ते हलत नव्हते. का हलत नव्हते ते डॉक्टरला विचारा. इंजिनाचा आवाज खाली आला, पिवळे पंख आडवे झाले, आणि विमान नव्या काचांवरून असं अलगद वळलं की मिसेस डिन्सडेलनी झारी खाली ठेवून वर पाहिलं. मग कुरणाला एक मोठी फेरी, अजून एक, आणि ते खाली आलं. गवतावर टेकलं तेव्हा उसळीसुद्धा घेतली नाही.

मला रडू आलं. कांदा नव्हता, वारा नव्हता, काही सबब नव्हती. मी आपली खोपटात गेले आणि कप मांडू लागले.

मग बाहेरून क्लाईव्हचा आवाज आला.

"उजवा. तू उजवा आहेस. टेडसारखा."

"तेच सांगत होतो," वॉल्टर म्हणाला.

दोघं आत आले. क्लाईव्हनं नारिंगी जाकीट काढून खुंटीला अडकवलं आणि बाकावर बसला. विजारीच्या भोकातून त्याचा गुडघा दिसत होता.

"विमान पास," तो म्हणाला. "उड्डाण पास. वायरबियर काही नको. सगळं तपासलं मी, वॉल्टर, रिमोट कुणाच्या हातात आहे तेवढं सोडून. पुढच्या रविवारी माझी परीक्षा घे."

"घेईन," वॉल्टर म्हणाला. "पण गोऱ्हे तूच आण."

मी चहा ओतला. सवयीनं वॉल्टरचा कप अर्धा भरला आणि पुढे केला. क्लाईव्हनं त्या कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वर्षभर बघतोय मी," तो म्हणाला. "बाकीच्यांना पूर्ण, यालाच अर्धा. भर तो, मेव्हिस."

माझा चेहरा तापला. मी वॉल्टरकडे पाहिलं. त्यानं मान हलवली, आणि मी कप काठोकाठ भरला. त्यानं तो उचलला. कप बशीवर वाजायला लागला, वाजत वाजत वर गेला, आणि वाटेत निम्मा चहा क्लाईव्हच्या बुटांवर सांडला.

क्लाईव्हनं बुटांकडे पाहिलं. आता हा काय बोलतो म्हणून मी किटली घट्ट धरली.

"कप काही उडवायचा नाहीये," तो म्हणाला, आणि पाय जरा बाजूला घेतले.

वॉल्टरनं उरलेला चहा पिऊन टाकला आणि कप माझ्यापुढे धरला.

"अजून दे," तो म्हणाला. "भरून."