उगवतीचं दार

सेहेचाळीस साली रंगनाथ मास्तर पारनेरजवळच्या एका खेड्यात आले, ते डोक्यात नवं खूळ घेऊनच. वर्गात मधोमध घोंगडी टांगायची आणि दोन बाजूंना दोन पोरं समोरासमोर बसवायची. एकानं मातीचं घर करायचं नि कसं केलं ते नुसतं तोंडानं सांगायचं. पलीकडच्यानं ऐकून हुबेहूब तसंच उभारायचं. पोरं बोलती होतील, हातालाही वळण लागेल, असा बेत.

अट एकच, डावीकडे-उजवीकडे असं नीट सांगायचं. पण आठ दिवस झाले तरी घोंगडी काढावी तर एकाचं दार ओढ्याकडे, दुसऱ्याचं देवळाकडे! मास्तर आपले पोरांच्या कानांवर खापर फोडत होते.

जैनुद्दीन गवंड्याची शरिफा तर तोंडच उघडेना. वर्गात मुलगी ती एकटीच. सुट्टीला बापाच्या कामावर जायची, त्यामुळं हात लई चलाख, पण वर्गात सांगायची पाळी आली की मान खाली. शेवटी जैनुद्दीनच शाळेत आला. बोलणं येत नाही, नुसती मातीच कालवायची तर माझ्या हाताखाली कालवील, असं म्हणून त्यानं तिचं दप्तर उचललंसुद्धा.  एकदा गेलेली पोरगी परत यायची नाही, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं.

एवढा एक डाव होऊ द्या, अशी त्यांनी गळ घातली. मग शरिफाला म्हणाले, "डावं-उजवं राहू दे. बापाच्या कामावर सांगतेस तसं सांग."

शरिफानं बापाकडे पाहिलं आणि सुरुवात केली. दार उगवतीला, चूल देवळाच्या अंगाला, गोठा ओढ्याच्या अंगाला. घोंगडीपलीकडे तिच्या जोडीचा पोरगा, छगन, गुमान थापत होता. घोंगडी काढली, तर दोन्ही दारं उगवतीला.

इतके दिवस का बोलली नाहीस, असं मास्तरांनी विचारलं.

"घराला कुटं डावं-उजवं असतंय, गुर्जी? मानूस फिरतं, घर न्हाई."

मास्तरांचे कान तापले. समोरासमोर बसलेल्यांचं डावं-उजवं उलटं होणारच, हे साधं आपल्याला सुचू नये? चूक माझीच होती, असं त्यांनी वर्गाला तिथल्या तिथं सांगून टाकलं. पोरं खुशाल हसली.

जैनुद्दीननं वाकून दोन्ही घरांच्या भिंतींवरून अंगठा फिरवला. मग दप्तर शरिफाच्या मांडीवर ठेवलं.

"पोरगी सकाळी पानी भरून येईल," तो मास्तरांना म्हणाला, "उशीर झाला तर मारू नका."