ट्रम्पेटवाल्याचं तोंड आलं

नेमकं याच आठवड्यात ट्रम्पेटवाल्याचं तोंड यावं, याला दैव म्हणा, नाहीतर घास न चावता ओठच चावण्याचं फळ म्हणा. खालच्या ओठाच्या आत पांढरा फोड आणि भोवती लालभडक कड. नगरपालिकेच्या बँडमध्ये तो इतकी वर्षं मागच्या रांगेत बसून सगळ्यांबरोबर वाजवत आला होता. येत्या रविवारी बागेतल्या कार्यक्रमात पहिल्यांदाच त्याला एकट्यानं एक संथ धून वाजवायची होती. त्याला जमलं नाही तर ती शेजारच्या खुर्चीतला जाड्या वाजवेल, असं बँडमास्तरांनी सांगून टाकलं होतं. आणि जाड्या एकदा खुर्चीत बसला की उठत नाही, हे अख्ख्या बँडला ठाऊक होतं.

त्याची बायको लाँड्रीच्या काउंटरवर कामाला होती. कसला डाग कशानं जातो हे तिला पाठ होतं, पण फोडाला कपडे धुण्याचे नियम लागू होत नाहीत. सासूबाईंचा भरवसा तुरटीवर. "चरचरलं म्हणजे लागू पडलं!" असं म्हणत त्यांनी लेकाच्या ओठाला खडा लावला, तसा तो असा किंचाळला की वरच्या मजल्यावरची शिकवणी थांबली. शेजारणीनं तिखट खाऊन घाम काढायला सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. हिच्या तोंडात कुठे फोड होता!

शेवटी बायको औषधाच्या दुकानात गेली.

"कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भरायला सांगा," औषधवाला म्हणाला. "बर्फ चघळू द्या. आंबट, तिखट, गरम बंद. ब्रश मऊ घ्या. आपोआप बरा होतो. दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर मात्र डॉक्टरांना दाखवा. आणि मुख्य म्हणजे तिथं काही घासू देऊ नका."

तिनं सगळं चोख केलं. चुळा झाल्या, बर्फ झाला, थंड दूध आणि मऊ भात झाला. सासूबाईंची तुरटी कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. तरी फोड सकाळी जरा निवळे आणि संध्याकाळी पुन्हा लाल होई. बायको चक्रावली. एके दिवशी ती घरी आली तेव्हा नवरोजी साळसूदपणे खिडकीशी बसले होते. तिनं जवळ जाऊन पाहिलं, तर ओठांवर गोल वळ. बांगडी दाबल्यासारखा.

"अहो, हे काय?"

"काही नाही. बरं झालंय का ते बघत होतो."

"कशानं?"

त्यानं गुपचूप खिशातून माउथपीस काढलं. ट्रम्पेटचं ते ओठाला लावायचं पितळी टोक. पठ्ठ्या न्हाणीघरात नळ सोडून, तेच ओठांवर दाबून, दिवसातून दहादा फुंकून बघत होता. स्वतःच्या हातानं आपल्याच पायावर धोंडा! तिला राग आला आणि त्याचा चेहरा बघून दयाही आली.

"अगं, ही एकच संधी आहे," तो पुटपुटला. "गेली तर पुन्हा कोण विचारतंय मला?"

"म्हणूनच द्या ते इकडे."

दुसऱ्या दिवसापासून माउथपीस लाँड्रीच्या ॲप्रनच्या खिशात नोकरीला जाऊ लागलं. इकडे ट्रम्पेटवाला नुसतीच बटणं दाबत नाकातून धून गुणगुणे. सासूबाई म्हणाल्या, "पोरगं खुळं झालं." पण फोड ओसरू लागला.

रविवारी तो पूर्ण गेला नव्हताच. बागेत व्यासपीठाच्या पायरीशी तिनं माउथपीस त्याच्या हातात ठेवलं. जाड्या ओठांवरून जीभ फिरवत तयारीत बसला होता.

ट्रम्पेटवाला उठला. दुखेल या भीतीनं त्यानं ट्रम्पेट ओठांना जेमतेम टेकवला. एरवी तो सगळा जीव लावून दाबून फुंकायचा आणि सूर चिरकायचा. आज सूर सावकाश, मऊ निघाला, रुंद होत गेला आणि बाकांवरचे लोक गप्प झाले. बँडमास्तरांनी मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिलं. शेवटचा उंच सूर आला तेव्हा तिनं स्वतःचेच ओठ घट्ट मिटून घेतले. सूर अलगद वर गेला आणि तिथंच राहिला. तिला हुंदकाच आला. हा आपला माणूस आहे, या आनंदानं ती गच्च भरून गेली.

सासूबाईंनी तिचा दंड धरला.

"हा आपला नव्हे गं. आपला असा कुठं वाजवतो?"

"आपलाच आहे, आई. अजून थोडं दुखतंय, म्हणून दाबत नाहीयेत."

टाळ्या थांबेचनात. सासूबाई डोळे पुसून तिच्या कानाशी आल्या.

"मग सूनबाई, त्या चुळा आता बंद कर."