घडीतली चीर

मी व्हॅनच्या मागच्या चाकापाशी बसवलेली रबरी पिशवी बोलतेय. माझ्यात हवा भरतात आणि गाडीचा भार माझ्यावर येतो. धक्का मी सोसते, आत बसलेल्याला तो जाणवत नाही.

वावा गावच्या रेजाँनं मला आणलं ते त्याच्या बायकोसाठी, ओडेटसाठी. पाठीच्या ऑपरेशननंतरही ती व्हीलचेअरवरच राहिली होती. साध्या स्प्रिंगच्या गाडीत प्रत्येक खड्ड्याला ती कण्हायची. मागच्या दोन्ही चाकांपाशी आम्हा दोघी पिशव्यांना बसवल्यावर ती तळ्याकाठी जाऊन आली आणि म्हणाली, "आज मी खिडकीबाहेर बघितलं, रेजाँ. एरवी डोळे मिटूनच बसते."

काही वर्षं बरी गेली. मग बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठानं आणि थंडीनं माझं रबर कडक झालं, घडीत बारीक चीर पडली. रोज सकाळी गाडी माझ्या बाजूला झुकलेली दिसू लागली.

त्याच सुमारास, मार्चमध्ये, दूरच्या थंडर बे शहरातून फोन आला. ओडेटची बहीण जिसेल हॉस्पिटलात होती, आणि आता घरी परतायची नव्हती.

"उद्या निघू," ओडेट म्हणाली.

"गळती काढल्याशिवाय नाही. अर्ध्या वाटेत गाडी बसली तर तुझे हाल कुत्रा खाणार नाही."

रेजाँनं जॅकवर गाडी उचलली, साबणाचं पाणी मारलं आणि बुडबुडे शोधत बसला. पण चाकं लटकली की उंची सांभाळणारा व्हॉल्व्ह माझ्यातली हवा सोडून देई. रिकाम्या पिशवीतून बुडबुडा कुठून येणार? त्यानं नळ्या बदलल्या, जोड बदलले, शेवटी तो व्हॉल्व्हही बदलला. सकाळी गाडी पुन्हा झुकलेली. माझी बारीकशी फुसफुस त्याला कधी ऐकूच गेली नाही.

"आडवी टाकून ने मला," ओडेट म्हणाली. "ओरडले तर रेडिओ मोठा कर."

"उद्या नक्की सापडेल."

"तुझ्या उद्यापर्यंत जिसेल थांबायची नाही रे."

जिसेल गुरुवारी गेली.

फोन ठेवून रेजाँ तसाच गराजमध्ये आला. जॅक लावायचंही त्याला सुचलं नाही. उभ्या गाडीखाली सरकला आणि बाटलीतलं पाणी माझ्यावर मारलं. माझ्यावर भार होता, आत हवा होती. घडीतून पांढरा फेस वर आला.

ओडेट खुर्ची ढकलत दारात आली. "सापडली?"

"हो."

"मग ये बाहेर. जेवून घे."

नवी पिशवी यायच्या आधीच अंत्यविधी उरकला. आता गाडी सरळ उभी असते. रेजाँ विचारतो, "चक्कर मारून येऊ या?" ओडेट म्हणते, "कुणाकडे?"

मी गराजमधल्या टेबलाखाली, जुन्या टायरमागे पडून आहे. तुमची गाडी कधी अशी झुकली तर चाकं लटकवू नका. खाली शिरता यावं म्हणून चाकांखाली फळ्या घाला, भार राहू द्या, आणि मग घडीघडीत पाणी मारा. रेजाँला एवढं सांगायला मला तोंड नव्हतं. तो अजून कधीतरी इथे येतो, दिवा लावतो, थोडा वेळ उभा राहतो आणि कशालाही हात न लावता निघून जातो.