सुकेळी वाळवणारा सर्व्हर

माझ्या पुढच्या बाजूला, डिस्कच्या कप्प्यावर, तिळाएवढा एक दिवा आहे. डिस्क धड असली की तो हिरवा असतो. गेल्या आठवड्यापासून तो पिवळा लुकलुकतो आहे.

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. अंधेरीच्या एका कचेरीत, थंड खोलीत मी अनेक वर्षे राबलो. पुढे तिथली नवी ऑपरेटिंग सिस्टीम मला पेलेना, आणि मी भंगारात निघालो. तिथेच नोकरीला असलेल्या प्रल्हादने मला टेम्पोत घालून आगाशीला, आपल्या घरी आणले.

त्याने माझ्यावर लिनक्स चढवायला घेतले. ही सिस्टीम कोणीही फुकट घ्यावी, उघडून पाहावी, बदलावी अशी. पण तिला माझ्या डिस्कच दिसेनात. प्रल्हाद रविवारमागून रविवार खपला. अखेर डिस्कची ओळख पटवणारा छोटा प्रोग्राम, जुना ड्रायव्हर, सापडला, मी सुरू झालो, आणि तो टाळ्या वाजवत स्वयंपाकघरात धावला. त्यानंतर गावच्या शाळेतले जुने संगणक माझ्याच जोरावर चालले.

एकदा आभाळ भरून आले होते. प्रल्हादच्या बायकोने, मीराने, सोललेली राजेळी केळी वाळवायला सुपात मांडून ते सूप माझ्या मागच्या जाळीला टेकवून ठेवले. तिथून गरम हवा येते ना! सुकेळी झकास झाली. माझी एक डिस्क मात्र तापली, तिचा दिवा पिवळा लुकलुकला आणि ती कायमची गेली.

"अगं, हा सर्व्हर आहे की चूल?"

"ऊन रजेवर गेलं, तर मी काय करू?"

प्रल्हादला इतके हसू आले, की रागवायचे राहूनच गेले. मग सूप हातभर लांब ठेवायचे ठरले. तुम्हीही यंत्राची जाळी कधी झाकू नका, मित्रांनो. आम्हांलाही श्वास लागतो.

शाळेत नवे संगणक आले. मागच्या वर्षी प्रल्हाद गेला. त्याच्या मुलीने, उन्नतीने, माझ्यातली सगळी माहिती एका लहानशा नव्या डिस्कमध्ये उतरवून घेतली. आता माझ्यावाचून कोणाचे काही अडत नाही.

"आई, बंद करू का याला?" ती विचारते.

"सुकेळी होऊन जाऊ दे गं."

सुकेळीचे दिवस सरले. तरी मीरा रोज दिवेलागणीला येते, माझ्या मागे तळहात धरते आणि ऊब घेऊन उभी राहते. माझ्यापाशी देण्यासारखे तेवढेच उरले आहे.

आज तिने तो पिवळा दिवा पाहिला. माझ्यामागचे रिकामे सूप उचलून छातीशी धरले.

"उन्नती, बंद कर गं आता. पण रीतसर कर. वायर ओढलेली ह्यांना चालायची नाही."