फॉइलखालचा चुरा

मित्रांनो, मी एक जुना टोस्टर ओव्हन आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात, तळ्याकाठच्या एका केबिनमध्ये राहतो. इथल्या भिंती लाकडाच्या, छत लाकडाचं, ओटासुद्धा लाकडाचाच. हे आधीच सांगून ठेवतो.

जन्म कारखान्यात झाला, पण तिथलं काही आठवत नाही. खरं आयुष्य सुरू झालं ते आयलीने मला इथे आणल्यावर. ती आणि तिचा नवरा आर्वो दर उन्हाळ्यात इथे येतात. तळ्यातले मासे, चीज टोस्ट, वेलदोडा घातलेला गोड पाव, मी काय काय भाजलं म्हणून सांगू! पाहुणे पावाचं कौतुक करायचे आणि आयली माझ्याकडे बोट दाखवायची. मला फार बरं वाटायचं.

थंडी आली की केबिन बंद करायची, पण त्याआधी माझी आंघोळ, ही आयलीची शिस्त. आधी प्लग काढायची. मी पुरता गार होईपर्यंत हात लावायची नाही. मग खालचा ट्रे ओढून चुरा बाहेर झटकायचा, आतला चिकटपणा खायच्या सोड्याने आणि ओलसर फडक्याने पुसायचा. पाणी ओतायचं नाही, तापणाऱ्या सळया घासायच्या नाहीत. नीट वाळलो की मला पत्र्याच्या पेटीत ठेवायची. बर्फ वितळल्यावर परत आली की वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांतून फिरवायची, मगच प्लग लावायची.

"लेकराला न्हाऊमाखू घालतेयस जशी," आर्वो चिडवायचा.

"हा निदान निमूट बसतो. तुझ्यासारखी बडबड नाही."

गेल्या उन्हाळ्यात आयली वाफेच्या आंघोळीच्या खोलीच्या ओल्या पायरीवरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तिला शहरात न्यावं लागलं. मग माझं सगळं आर्वोकडे आलं. आर्वो माणूस वाईट नाही हो, पण त्याला पुसापुशीचा भारी कंटाळा. त्याने ट्रेवर फॉइल पसरली. मळली की वर नवी पसरायची, झालं काम. चुरा आणि माशाचं तेल कडेने खाली उतरत होतं, ते बघतो कोण? केबिन बंद करताना त्याने आणखी एक फॉइल पसरली आणि मला ओट्यावर तसंच सोडलं.

"ओव्हन साफ केलास ना रे?" आयलीने फोनवर विचारलं.

"चकाचक!"

मग बर्फ पडलं. चुऱ्याच्या वासाने एक उंदरीण आली. खरं सांगू, आधी मला बरंच वाटलं, तेवढीच सोबत. तिने माझ्या पाठीमागच्या पोकळीत वाळकं गवत आणि कागदी रुमालांच्या चिंध्या आणून घर केलं. चुरा संपत आला तशी ती वायर कुरतडायला लागली, नेमकी भिंतीकडच्या बाजूने. आतलं तांबं उघडं पडलं. बर्फ वितळलं तशी ती निघून गेली. गवत राहिलं. तेव्हापासून मी घाबरलेला आहे.

आज दुपारी गाडी वाजली. आर्वोने आयलीला धरून आतल्या खोलीत पलंगावर निजवलं. कुणी धरल्याशिवाय तिला अजून उठता येत नाही. मग त्याने पावावर चीज ठेवलं आणि माझं दार उघडलं.

"आर्वो, ट्रे ओढून बघितलास?" तिने आतून विचारलं.

"हो गं बाई."

"आणि वायर? बोटांतून फिरवलीस?"

"फिरवली, फिरवली. तू पड जरा, मी टोस्ट आणतो."

मित्रांनो, त्याने वायरीला हातही लावला नव्हता. सरळ प्लग लावला आणि खटका फिरवला.

तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर एवढं ऐका. वरून चकचकीत दिसतोय म्हणून विश्वास ठेवू नका. प्लग काढा, गार होऊ द्या, ट्रे ओढा, वायर बघा. आणि कुणी विचारलं तर खरं सांगा. मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं.

माझ्या सळया लाल झाल्या आहेत. पाठीमागचं गवत तापतंय.

"आर्वो, काहीतरी जळतंय का रे?" आयली विचारतेय.

आर्वो गाडीतलं सामान काढायला बाहेर गेलाय. तिचं ऐकायला इथे मी एकटाच आहे.