वरच्या घरातला धूर

वादळ थांबलं तशी मी गावावरचा उतार तपासायला जाऊन बर्फात खड्डा खणला. एक ठोकळा मोकळा कापला, वर फावडं पालथं ठेवून हलक्या थापा मारल्या. वरचा थर सुटून थेट माझ्या मांडीवर आला. खालचा बर्फ साखरेसारखा भुसभुशीत, म्हणजे वरचा थर कधीही गावावर घसरणार. आता वरची आळी रिकामी करून सुरुंगाने बर्फ आपणच पाडायचा, दुसरा इलाज नव्हता.

आमच्याकडे घर सोडणारा चूल विझवून निघतो. धुराडं गार म्हणजे घर रिकामं. वरच्या आळीला निघायला सांगितलं आणि दुपारी मी चर्चच्या पायरीवरून दुर्बीण लावली, तर कुठेच धूर नाही. सगळ्यात वरच्या घरावरही नाही.

ते घर माझ्या थोरल्या भावाचं, क्विरिनचं. गेल्या हिवाळ्यात मी त्याला असंच बळंच खाली आणलं, गाय वरच राहिली. बर्फ काही आला नाही, पण गाय विताना एकटीच मेली. पुन्हा तशी वेळ आली तरी मी तेच केलं असतं, पण ते त्याला कोण सांगणार? तेव्हापासून बोलणं बंद. रोज सकाळी त्याचा धूर दिसला, की आहे बुवा, एवढंच मला कळायचं.

"आफ्रा, उडवू का?" वायरलेसवर सुरुंगवाला गेभार्ट.

"थांब रे जरा." क्विरिन आणि निमूट निघाला? मी पुन्हा पाहिलं. गोठ्याच्या झरोक्यातून वाफ निघत होती. आत त्याची नवी गाय होती, आणि तिला सोडून तो निघणं शक्यच नव्हतं.

"मी वर जातेय. सुरुंगाला हात लावू नकोस."

"डोकं फिरलंय का तुझं? तो उतार तूच तपासलास ना!"

"म्हणूनच सांगतेय!"

मी उताराच्या कडेकडेने वर चढले. क्विरिन गोठ्यात गाभण गाईला टेकून बसला होता, गारठून निळा पडलेला.

"चूल विझवून मला फसवतोस, मेल्या? आत्ता उडाला असतास!"

"सुटली असतीस."

मला रडूच फुटलं. "ऊठ. गाईला पण घे."

तो गव्हाणीला धरून उठला. "ती चालायची नाही."

"मी मागून ढकलते."

आम्ही खाली पोचलो, मगच गेभार्टने बार उडवला. बर्फ क्विरिनच्या कुंपणाशी येऊन थांबला. गाय माझ्या लाकडांच्या खोपटात बांधली. आम्ही समोरासमोर बसून जवाचं सूप प्यायलो.

"खाली तुझा धूर दिसला, की मगच मी चूल पेटवतो," तो वाडग्यात बघत म्हणाला.

"लाकडं वाचवायची असतील," मी म्हटलं.

सकाळी वाट मोकळी झाली आणि तो गाय घेऊन निघाला.

हल्ली मी उजाडायच्या आधीच चूल पेटवते. वर तो थंडीत थांबलेला असतो.